बंगळूरची न झालेली मोटार

गेल्या वर्षी आरतीनंतर प्रसाद घेताना आमच्या ऑफिसातले एक कन्नड सहकारी मला म्हणाले, "तुमची वाटणी बरी झाली आहे. मोटारी तुमच्या पुण्या-मुंबईच्या, विमाने आमची." मी हसून मान डोलावली. पण घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. वाचू लागलो, तेव्हा कळले की आम्ही दोघेही चुकलो होतो. बंगळूरला विमानांच्या आधी मोटारींचाच कारखाना निघायचा होता, आणि तो काढायला निघालेला माणूस माझ्या गावचा, सोलापूरचा होता. यंदा स्मरणिकेसाठी लिहा असा मंडळाचा आग्रह झाला तेव्हा विषय तयारच होता.

कल्पना मात्र सर एम. विश्वेश्वरय्यांची. आपल्या उत्सवाच्या आगेमागेच १५ सप्टेंबर येतो. त्यांचा हा जन्मदिवस आपण अभियंता दिन म्हणून साजरा करतो. म्हैसूरचे दिवाण म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. पण ते शिकले पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आणि १८८४ पासून पुढची चोवीस वर्षे त्यांनी मुंबई इलाख्यात नोकरी केली. नाशिक, खानदेश, पुणे असा त्यांचा प्रवास झाला. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच. दिवाणपद सोडून बरीच वर्षे लोटल्यावर, पंचाहत्तरीच्या घरात असताना, १९३५ साली ते युरोप-अमेरिकेला गेले आणि मोटारींचे कारखाने पाहून आले. आपल्याकडे तेव्हा मोटारी 'बनत' नव्हत्या, फक्त जोडल्या जात होत्या. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सची जोडणी १९२८ पासूनच चालू होती, पण सुटे भाग सगळे बोटीने येत. विश्वेश्वरय्यांचे म्हणणे सरळ होते. मोटार इथे बनली तर पोलाद, रबर, काच, रंग, बॅटरी असे दहा धंदे तिच्यामागून उभे राहतील.

ही योजना उचलली वालचंद हिराचंद यांनी. जन्म १८८२, सोलापूर. मी तिथल्याच पॉलिटेक्निकचा मेकॅनिकल डिप्लोमावाला. लहानपणी मला 'वालचंद' म्हणजे कॉलेजची पाटी एवढेच माहीत होते. ते मुळात रेल्वेचे कंत्राटदार होते हे मला रेल्वेत वीस वर्षे काढल्यावर समजले, याची थोडी लाज वाटते. लक्ष्मणराव फाटक या पूर्वीच्या रेल्वे कारकुनाबरोबर भागी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या तुकड्याचे काम घेतले. ती त्यांची सुरुवात. पुढे बोरघाटातल्या बोगद्यांची कामेही त्यांच्या कंपनीने केली. आपण उद्यान एक्स्प्रेसने मुंबईला जातो तेव्हा सोलापूर, मग बोरघाट आणि शेवटी कुर्ला, अशी त्यांच्या आयुष्याची स्टेशने ओळीने लागतात. कुर्ल्याचे पुढे सांगतो.

वालचंद अमेरिकेत जाऊन मोटार कंपन्यांशी बोलले. फोर्डचा भारतातला कारभार कॅनडातल्या फोर्डकडे असल्यामुळे तिथे काही जमले नाही. क्रायस्लरशी जमले. मुंबईत बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ मदतीला अनुकूल होते, पण युद्ध सुरू झाले आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते मंत्रिमंडळच गेले. तेव्हा म्हैसूरचे दिवाण सर मिर्झा इस्माईल पुढे झाले. कारखाना बंगळूरला काढा, संस्थान हातभार लावील, म्हणाले. इथे काय नव्हते? शिवनसमुद्रची वीज १९०२ पासून होती, भद्रावतीला लोखंड तयार होत होते, आणि हवा तर आपण सगळे अनुभवतोच.

अडले ते दिल्लीच्या इंग्रज सरकारापाशी. युद्धकाळात परदेशातून यंत्रे आणायची तर सरकारची परवानगी आणि डॉलर लागणार. सरकारने सांगितले, मोटार कारखान्याचा युद्धाला उपयोग नाही. ज्या सैन्याला ट्रक पुरत नव्हते, ज्याच्यासाठी कॅनडाहून भाग आणून मुंबईत गाड्या जोडल्या जात होत्या, त्याच्या सरकारने हे सांगावे! बाहेरून येणाऱ्या मोटारींचे गिऱ्हाईक तुटू नये हे खरे कारण असावे, असे माझे मत आहे.

आता गंमत पाहा. १९३९ सालीच अमेरिकेहून परतताना पॅसिफिक महासागरावरच्या विमानप्रवासात वालचंदांची विल्यम पॉली या गृहस्थाशी गाठ पडली होती. पॉली चीनमध्ये विमाने बनवण्याच्या धंद्यात होता. मोटार कारखान्यासाठी निघालेला माणूस विमान कारखान्याचे बोलणे करून घरी आला. आणि ज्या सरकारने मोटारीला नाही म्हटले, त्याने विमानाला हो म्हटले, कारण विमानांची तेव्हा निकड होती. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. म्हैसूर संस्थानाने जमीन दिली आणि २५ लाख रुपयेही घातले. पुढच्याच वर्षी हार्लो जातीचे शिकाऊ विमान इथून उडाले. मात्र १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन त्यांना बाजूला केले. आजची एचएएल ती हीच. मुलांना तिचे संग्रहालय दाखवायला नेतो, तेव्हा ही मोटारीची कथाही सांगतो.

आम्हा रेल्वेवाल्यांसाठी याला आणखी एक शेपूट आहे. युद्ध संपल्यावर विमानांचे काम ओसरले, तेव्हा त्याच कारखान्याने रेल्वेचे पत्र्याचे डबे बनवायला घेतले. हा विभाग पुढे १९६४ साली निघालेल्या बीईएमएलकडे गेला. डब्यांवरची बीईएमएलची पाटी मी इतकी वर्षे पुसून वाचत आलो. २०११ मध्ये आपली नम्मा मेट्रो धावली, तिचे डबेही त्यांचेच.

मोटार बंगळूरला आली ती फार उशिरा. बिडदीचा कारखाना १९९७ च्या करारातून उभा राहिला, आणि २००० साली क्वालिस बाजारात आली. आयटीवाल्यांच्या रात्रपाळीची ती गाडी कोण विसरेल? त्या पाटीवर टोयोटाच्या शेजारी नाव आहे किर्लोस्करांचे. पाठोपाठ २००१ मध्ये इथल्याच रेवा या छोट्या विजेच्या मोटारीने लोकांना हसवले. आज विजेच्या गाड्या पाहून कोणी हसत नाही.

आणि वालचंदांची मोटार? त्यांनी हट्ट सोडला नाही. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून मार्च १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, पहिली गाडी बाहेर पडली. वालचंद १९५३ मध्ये गेले. त्यानंतर आली फियाट ११००, जिला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हणून अजरामर केले. १९७४ पासून फियाटची झाली प्रीमियर पद्मिनी. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, पुढे तीन माणसे दाटीवाटीने बसलेली आणि टपावर सामान, ही ती टॅक्सी.

माझे मामा कुर्ल्याला दारे बसवण्याच्या विभागात होते. टॅक्सीतून उतरल्यावर ते दार एकदा उघडून पुन्हा लावत आणि कान देऊन आवाज ऐकत. ड्रायव्हर वैतागायचा, मामी पुढे चालू लागायच्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, त्या दिवशी मामांचा फोन आला. म्हणाले, "बंगळूरला एखादी दिसते का रे?"

मी म्हटले, "मामा, तुमचा कारखाना खरे तर इथेच निघायचा होता."

त्यांना वाटले, मी थट्टा करतोय.