गाळ्यातली वही

महाड-पोलादपूर भागातल्या कुठल्याही गावात जा, देवळाशेजारच्या खोलीत नाहीतर शाळेच्या कपाटात कबड्डीची एखादी ढाल सापडतेच. पत्रा काळवंडलेला, मखमल विटलेली, कोरलेलं नाव अर्धं पुसलेलं. सामना कुठे झाला, कुणाच्या पकडीने जिंकला, हे त्या ढालीवर नसतं. ते असतं ओटीवर बसलेल्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या म्हाताऱ्यांपाशी, आणि दर पावसाळ्यानंतर त्यांच्यातले एक-दोन कमी झालेले असतात.

मोठ्या कबड्डीचा इतिहास लिहिलेला आहे. 1923 मध्ये बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने हुतूतूची स्पर्धा भरवली. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने हा खेळ जगापुढे करून दाखवला. 1950 मध्ये अखिल भारतीय महासंघ झाला. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला जागा मिळाली आणि भारताने सुवर्णपदक आणलं. बुवा साळवींनी या खेळासाठी आयुष्य वेचलं, म्हणून त्यांचा 15 जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. हे सगळं योग्यच आहे. पण या खेळाला पोरं पुरवली ती खेड्यांतल्या आणि चाळींतल्या शेकडो लहान संघांनी, आणि त्यांच्याबद्दल कुठे ओळभरही नोंद नाही. आमच्या गावचा संघ त्यांतलाच एक. जिल्ह्याच्या अजिंक्यपदापर्यंत तो कधी पोचला नाही. तरी तीसएक वर्षं गावाचा आणि मुंबईत गेलेल्या माणसांचा सांधा त्याने धरून ठेवला होता.

आमचं गाव पोलादपूर तालुक्यात, सावित्रीच्या खोऱ्यात. संघ उभा राहिला तो स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी, असं आजोबा सांगत. आजोबा डावा कोपरा खेळायचे. खेळाला तेव्हा सगळे हुतूतूच म्हणत. मैदान म्हणजे भात कापून मोकळं झालेलं खाचर. शिमग्याच्या आधी आठ-दहा दिवस काम चालायचं. आधी धसकटं खणून काढायची, ढेकळं फोडायची, माती चाळणीने चाळायची. मग पाणी शिंपडून ती चोपण्याने चोपायची, आणि वर भाताचं तूस पसरायचं, म्हणजे पडलं तरी कातडी सोलायची नाही. माप घ्यायला गाठी मारलेला सुंभ होता. तो कुणाच्या घरी असायचा हेही ठरलेलं होतं. रेषा चुलीतल्या राखेच्या. त्यासाठी घराघरांतून राख गोळा करायचं काम लहान पोरांचं, आणि आजीचं म्हणणं असं की त्या आठवड्यात तिला भांडी घासायला राख उरत नसे.

सामने रात्री, गॅसबत्तीच्या उजेडात. चार बत्त्या चार कोपऱ्यांत बांबूला टांगायच्या. बाहेरगावी खेळायला जायचं तर चालत. बिरवाडीला जायचं तर दिवस कलायच्या आत निघायचं. परतताना चुडी पेटवून ओळीने चालायचं, आणि हरलेले असले तर वाटेत कुणी बोलायचं नाही. पाहुण्या संघाची जेवणाची सोय यजमान गावाने करायची, दर घरी दोन गडी असा हिशेब. तांदळाची भाकरी, वाटाण्याची उसळ, कुठे सुकट. बक्षीस म्हणून कधी ढाल, कधी बोकड. आजोबांच्या पिढीला बोकडच आवडायचा. तो सगळ्या गावाला पुरायचा.

इथपर्यंतच्या गोष्टी आजोबा हौसेने सांगत. पुढची एक त्यांनी बरीच वर्षं सांगितली नव्हती. ती मला थोरल्या काकांकडून कळली, आणि मग मी आजोबांना विचारलं.

कबड्डी हा अंगाला अंग लावून खेळायचा खेळ. पकड करायची म्हणजे समोरच्याची मांडी, घोटा, कंबर कवटाळायची, त्याचा घाम आपल्या अंगाला लागायचाच. आणि आमचा मुलूख महाडचा. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचं पाणी प्याले म्हणून माणसांना इथे मार खावा लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर बोटीने दासगावला उतरून तिथून महाडला आले आणि 25 तारखेला मनुस्मृतीचं दहन झालं. या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली तरी आमच्या गावात हुतूतूचे संघ दोन होते, एक गावाचा आणि एक वाडीचा. एका शिमग्याला गावाच्या संघातल्या उजव्या कोपऱ्याचं गळपट्टीचं हाड मोडलं. दोन दिवसांवर सामना. वाडीतला एक पोरगा घोट्याला हात घालण्यात पटाईत होता. कप्तान स्वतः जाऊन त्याला घेऊन आला.

सामना जिंकला. मग जेवणाची वेळ आली. यजमानांनी सहा पानं ओटीवर मांडली होती आणि एक बाहेर पडवीत. कप्तान कुणाशी काही बोलला नाही. त्याने आपली पत्रावळ उचलली आणि पडवीत जाऊन त्या पोराशेजारी बसला. त्याच्यामागे आणखी दोघे गेले. तिघे मात्र होते तिथेच जेवले.

त्या तिघांत आजोबा होते. मी विचारल्यावर ते म्हणाले, "उठायचं व्हतं रं, पर माझा बाप काय म्हनंल या भ्यानं बसून ऱ्हायलो." तो वाडीतला पोरगा पुढे सात-आठ वर्षं आमच्या संघातून खेळला. त्याच्या उजव्या कोपऱ्यामुळे संघाचं नाव विन्हेऱ्यापासून कापड्यापर्यंत झालं. वाडीचा वेगळा संघ हळूहळू बंद पडला. पण पहिल्या पंगतीची गोष्ट गावच्या आठवणीत राहिली ती वाडीतच. गावात ती सांगितली जात नाही. आपल्या संघाचा इतिहास लिहायचा तर तो या पडवीपासून लिहायला हवा असं मला वाटतं. बोकड आणि ढाली नंतर.

संघाचं दुसरं घर मुंबईत होतं. महाड-पोलादपूरच्या डोंगरात भात आणि नाचणीवर वर्ष निघत नसे, म्हणून दर घरातला एक तरी माणूस गिरणीत. परळ, लालबाग, नायगाव, वरळी इथल्या चाळींत गावांचे गाळे असत. एक खोली गावाने मिळून भाड्याने घ्यायची. भिंतीला फळ्या ठोकून ट्रंका वर, वळकट्या खाली. पहिल्या पाळीचा कामाला गेला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा व्हायचा. आमच्या गाळ्यात थोरले काका राहत. ते चढाईला जायचे. गिरण्यांचे स्वतःचे संघ होते, कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धा होत्या, आणि पाय चपळ असला तर रेल्वेत, बंदरात नाहीतर पोलिसांत नोकरी लागायची. गावात नांगरामागे धावणाऱ्या पोराला खेळामुळे पगार मिळू शकतो, हे आमच्या लोकांना गाळ्यात राहून कळलं.

गाळ्याची एक वही होती. लाल कापडाच्या पुठ्ठ्याची, वाण्याकडे असते तशी. पुढून उघडली की खोलीभाडं, खानावळ, कुणाच्या घरी मयत झालं तर पाठवायची मदत. मागून उघडली की संघ. काकांनी ती मला कॉलेजात असताना दाखवली होती, त्यातलं एक पान मला चांगलं आठवतं. वर संवत्सराचं नाव, खाली सात नावं आणि 'राखीव' म्हणून तीन. मग खर्च: बत्तीची मेंटलं, रॉकेल, चुना (राखेच्या जागी तोवर चुना आला होता), बनियनी. डावीकडे वर्गणी, दरमहा चार आणे, आणि न देणाऱ्याच्या नावापुढे गोल. शेवटी एकच ओळ, 'नातें येथे एका गुणाने पराभव, पंच बरोबर होते.' हरल्यावर पंच बरोबर होते असं आपल्याच वहीत लिहून ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्याकडे सामन्यांत 'शिस्तबद्ध संघ' म्हणून वेगळं बक्षीस देतात. आमच्या संघाला ते कधी मिळालं की नाही ठाऊक नाही, पण मिळायला हवं होतं.

18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. महिना गेला, दोन गेले, आणि चाकरमानी बोचकी घेऊन गावी येऊ लागले. त्या वर्षीचा शिमगा काका आणि आजोबा दोघेही सांगायचे, पण दोन तऱ्हांनी. आजोबांच्या तोंडी तो आमच्या संघाचा सर्वांत मोठा शिमगा होता. मुंबईच्या मैदानांवर खेळलेले सगळे गडी एकाच वेळी गावात, दोन-दोन संघ होतील इतके. एकेरी पट काढणारे, मध्य रेषेवरून उलटी लाथ मारणारे. आसपासच्या गावांत आमच्यापुढे कुणी टिकलं नाही. काका म्हणायचे, "जिंकत होतो, पण घरी पीठ नव्हतं. बोकड मिळाला तो विकला." खेळून आल्यावर अंगणात बसून ते एकमेकांना विचारत, काही कळलं का मुंबईचं? कळण्यासारखं काही आलं नाही. गिरण्या बहुतेकांसाठी पुन्हा उघडल्याच नाहीत. कुणी महाडच्या एमआयडीसीत लागला, कुणी मुंबईत सिक्युरिटीत, कुणी भाजीच्या गाडीवर. काही वर्षांनी गाळाही गेला. आमची माणसं आता दिवा, नालासोपारा, विरारला आहेत, प्रत्येक जण आपापल्या ब्लॉकमध्ये, आणि महिन्याच्या वर्गणीसाठी एकत्र बसायची जागा उरलेली नाही. संघ मोडला तो हरून मोडला नाही. त्याच्या खालची खोली गेली.

इंग्लंडमध्ये फुटबॉलचे असेच लहान क्लब आहेत. व्यावसायिक साखळीच्या खाली, गावातल्या नाहीतर कारखान्यातल्या माणसांनी उभे केलेले. मँचेस्टर युनायटेडसारखा बलाढ्य क्लबही 1878 मध्ये रेल्वे कामगारांचा संघ म्हणूनच सुरू झाला. जगातला सर्वांत जुना मानला जाणारा शेफील्ड क्लब 1857 चा. तो आजही खालच्याच पायऱ्यांवर खेळतो. पण त्यांनी आपले कागद जपले. त्यांत 1858 च्या नियमांचा हाताने लिहिलेला मसुदा होता. 2011 मध्ये त्या कागदांचा लिलाव झाला तेव्हा त्यांना 8 लाख 80 हजार पौंडांहून जास्त किंमत आली. वरच्या पायरीवर कधी न पोचलेल्या संघाची दप्तरं इतकी मोलाची ठरतात, हे वाचलं तेव्हा मला आमची लाल वही आठवली.

गाळा सोडताना काकांनी ती गावी आणली होती. घरात वाळवीची भीती, म्हणून महाडच्या बाजारपेठेत एका नातेवाइकाच्या दुकानाच्या माळ्यावर ठेवली. 2005 च्या पुरात ती वाचली. 22 जुलै 2021 ला सावित्री आणि गांधारीचं पाणी शहरात शिरलं ते काही ठिकाणी पहिल्या मजल्याला लागलं. त्याच दिवशी तळीये गावावर डोंगर आला, आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखरच्या सुतारवाडीत माणसं गाडली गेली. वहीची आठवण काढायची ती वेळ नव्हती. गावातली पोरं फावडी घेऊन गेली ती आठवडाभर चिखल उपसत होती. महिन्याभराने दुकान साफ करताना पुठ्ठा तेवढा हाती आला, आतल्या पानांचा लगदा झाला होता. काका तोवर गेलेले होते, आजोबा त्यांच्याही आधी.

2014 पासून प्रो कबड्डी घरोघर दिसते. मॅटवर, बूट घालून, तीस सेकंदांच्या घड्याळासह. गावची पोरं ती मन लावून पाहतात, सुपर टॅकल म्हणजे काय ते मला समजावून सांगतात, आणि मला त्याचा आनंदच आहे. मातीत खेळणाऱ्याला पैसा आणि मान मिळायलाच हवा होता. शाळेत आता मुलीही खेळतात, आजीच्या काळात त्यांच्या वाट्याला फक्त राख गोळा करणं यायचं. शिमग्याला अजून सामने होतात, हॅलोजनच्या उजेडात. सात गडी जमवायला मात्र कधीकधी शेजारच्या गावातून दोघे उसने आणावे लागतात.

मी त्या पुठ्ठ्यात कोरे कागद शिवून घेतले आहेत आणि आठवतील तशी नावं लिहायला घेतली आहेत. पहिल्या पानावर कप्तान, त्याच्याशेजारी वाडीतला उजवा कोपरा. पन्नाशीच्या दशकातले पाच-सहा जण अजून सापडत नाहीत, साठीनंतरचे बरेच जमले आहेत. तुम्ही महाड-पोलादपूरचे असाल, मूळ गाव वरंध असो, तुडील असो की उमरठ, तर तुमच्या गावचाही संघ होता हे नक्की. येत्या शिमग्याला जाल तेव्हा सामना पाहून लगेच परत फिरू नका. आधी वरच्या आळीतल्या म्हाताऱ्यांकडे आणि मग वाडीतल्या म्हाताऱ्यांकडे जाऊन बसा, सात नावं विचारा, राखीव तीनही विचारा, आणि तिथेच बसून लिहून घ्या. दोन प्रती काढा. एक मुंबईत ठेवा.