आतिथ्य-व्यवसायातील संवाद, जालना जिल्हा

हॉटेल, लॉज, भक्तनिवास आणि प्रवासी-सेवा यांचा पाहुण्यांशी व आपसांत चालणारा तोंडी-लेखी व्यवहार. १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या या जिल्ह्यात निव्वळ सहलीसाठी कमीच लोक येतात. येणारा माणूस बहुधा बियाणे, लोखंडी सळई किंवा मोसंबीच्या कामाने येतो, नाहीतर देवदर्शनाला. राजूरचा गणपती, अंबडची मत्स्योदरी देवी आणि समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब ही मुख्य श्रद्धास्थाने.

दोन्ही गटांची विचारपूस वेगळी असते. व्यापाऱ्याला खोलीचे भाडे आणि चेक-आउटची वेळ आधीच लेखी हवी असते. बिलावर त्याच्या कंपनीचा जीएसटी क्रमांक चुकला, तर कराची वजावट अडकते. अंगारकीला राजूरला निघालेले कुटुंब फोनवर विचारते ते गरम पाणी, गाडी लावायला जागा आणि उपवासाचे पदार्थ. जालना शहरातील गुरू गणेश तपोधामामुळे जैन यात्रेकरूही येतात. त्यांच्या ऑर्डरच्या चिठ्ठीवर नुसते ‘जैन’ लिहून भागत नाही; कांदा-लसणाबरोबर बटाटा, गाजर, मुळाही वर्ज्य आहे, हे स्वयंपाकघराला ठाऊक असावे लागते. पाठ्यपुस्तके काउंटरवरच्या हसऱ्या स्वागताला फार महत्त्व देतात. घोटाळे मात्र बहुधा या चिठ्ठीवर होतात.

जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तर जालना–मुंबई वंदे भारत ३० डिसेंबर २०२३ रोजी धावू लागली. पहाटे निघणाऱ्या पाहुण्याचे बिल रात्रीच तयार ठेवावे लागते. परदेशी पाहुणा उतरल्यास त्याची माहिती २४ तासांच्या आत शासनाला ऑनलाइन कळवणे बंधनकारक आहे.