पद्मिनीचा आरसा : काच बदला, कवच जपा

ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणमधील जुन्या सोसायट्यांच्या आवारात ताडपत्रीखाली झाकलेली एखादी प्रीमियर पद्मिनी आजही दिसते. वडिलांनी घेतलेली, लग्नकार्यात फुलांनी सजलेली ही गाडी विकण्यास घरच्यांचे मन धजावत नाही. मात्र अरुंद गल्लीतून घासून जाणारी एखादी रिक्षा दारावरच्या आरशाला धडक देते, काच फुटते, क्रोमची कड वाकते आणि गाडीमालकापुढे प्रश्न उभा राहतो. आता असा आरसा मिळणार कुठे?

कारखाना बंद, भाग दुर्मीळ

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात फियाटच्या परवान्याने ही गाडी तयार होत असे. १९७४ पासून ती 'पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, तर मुंबईच्या रस्त्यांवरील पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. याच कंपनीचा दुसरा कारखाना डोंबिवलीजवळ होता. तेथे १९९० च्या दशकात प्युजो ३०९ तयार होत असे. तोही इतिहासजमा झाला. साहजिकच मूळ आरसा आता कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील किंवा मुंबईच्या चोर बाजारातील जुन्या मालातच शोधावा लागतो. त्यामुळे फुटलेला आरसा टाकून देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : काच कुठेही कापून मिळते, मूळ कवच, कड आणि दांडी मात्र पुन्हा मिळेलच याची खात्री नाही.

आरसा उतरवताना

प्रथम फुटलेल्या काचेवर चिकटपट्टी लावावी, म्हणजे तुकडे विखुरणार नाहीत. जाड हातमोजे आणि चष्मा वापरावा. उतरवण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. गंजलेल्या पेचांवर गंज सोडवणारे तेल टाकून ते रात्रभर मुरू द्यावे. जोर लावल्यास पेचाचे डोके तुटते. काही आरशांचे नट दाराच्या आतून असतात, त्यासाठी आतील पॅनेल काढावे लागते. क्रोमची कड लोखंडी पेचकसाने उचकटू नये. लाकडी पाचर वापरल्यास ओरखडे येत नाहीत. काच डिंकाने चिकटवलेली असल्यास गरम हवेने डिंक मऊ करावा.

काच सपाट की बहिर्वक्र?

जुन्या काचेवर सरळ पट्टी आडवी ठेवावी. पट्टी सर्वत्र टेकली तर आरसा सपाट आणि कडेला फट दिसली तर बहिर्वक्र समजावा. बहिर्वक्र आरशात मागचा रस्ता अधिक दिसतो. मात्र मागून येणारे वाहन प्रत्यक्षाहून लांब असल्याचा भास होतो. म्हणून मूळ प्रकार न बदलणे सुरक्षित.

सपाट काच कोणताही काचवाला कागदी साच्यावरून कापून देतो. साचा कड बसवण्याच्या खोबणीपेक्षा किंचित लहान ठेवावा आणि काचेच्या कडा घासून घ्याव्यात. बहिर्वक्र काच सपाट काचेपासून तयार होत नाही. त्यासाठी तेवढ्याच वक्रतेचा मोठा आरसा मिळवून त्यातून तुकडा कापावा लागतो.

गंज आणि मुलामा

मुलामा द्यायला देण्यापूर्वी कवच कोणत्या धातूचे आहे ते तपासावे. लोहचुंबक चिकटला तर पोलाद. न चिकटल्यास आतील बाजूस हलकासा ओरखडा काढून पाहावा : पिवळी झाक पितळेची, करडी झाक बहुधा जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची. ही माहिती प्लेटिंगवाल्यास आवर्जून सांगावी, कारण पोलादासाठी वापरले जाणारे आम्ल जस्ताला चटकन खाऊन टाकते.

डाग वरवरचे असतील तर अॅल्युमिनियमची चुरगळलेली फॉइल पाण्यात भिजवून हलक्या हाताने चोळावी आणि वर मेणाचे पॉलिश लावावे. मुलामा उडून खड्डे पडले असतील तर जुना थर काढून, तांबे, निकेल आणि क्रोम या क्रमाने नवा मुलामा द्यावा लागतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत धातुकामाचे अनेक लघुउद्योग आहेत. तेथे चौकशी करता येईल. मात्र हा प्रयोग घरी करू नये. या कामात वापरली जाणारी क्रोमियमची काही संयुगे कर्करोगकारक असून सांडपाण्यावर शास्त्रीय प्रक्रिया आवश्यक असते.

पुन्हा जोडताना

पावसाळ्यातील दमट हवा आरशाच्या मागील चांदीच्या थराची शत्रू असते. कडेने काळे डाग पडू लागतात ते याच कारणाने. म्हणून काच चिकटवताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन टाळावे. त्यातील आम्ल हा थर खराब करते. 'न्यूट्रल क्युअर' प्रकारचे सिलिकॉन मागून घ्यावे आणि किमान एक दिवस वाळू द्यावे. कवचाच्या तळाशी पाणी निचरण्याचे छिद्र असल्यास ते बुजवू नये.

आरसा थरथरत असेल तर दोष बहुधा गोल सांध्याचा असतो. गोळा आणि त्याची वाटी स्वच्छ करून स्प्रिंग ढिली पडली असल्यास बदलावी. तेथे ग्रीस लावू नये, कारण घर्षणावरच आरसा स्थिर राहतो. दार आणि आरशाच्या बैठकीमध्ये नवे रबरी पॅकिंग बसवल्यास पाणी आत झिरपत नाही आणि दाराचा पत्राही वाचतो.

नियम काय सांगतो?

केंद्राने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या मोटारीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. त्यासाठी गाडीची चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. १९७४ साली नोंदलेल्या पद्मिनीने २०२४ मध्ये पन्नाशी गाठली. असा विचार असणाऱ्यांनी मूळ भाग, अगदी वाकलेली कड आणि जुने पेचसुद्धा, दुरुस्ती पूर्ण होईपर्यंत डब्यात जपून ठेवावेत. नवा भाग जुळवताना नमुना म्हणून तेच उपयोगी पडतात.