सातबाऱ्यावर नाव, मतदार यादीत नाही

राज्यघटनेचं ९वं कलम स्पष्ट आहे: ज्याने आपणहून परक्या देशाचं नागरिकत्व घेतलं, तो भारताचा नागरिक राहत नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्यानेही तेच कायम ठेवलं. माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत अमेरिकेचा नागरिक झाला आणि त्याच दिवशी इथला हक्क संपला. मग कात्रजला स्वतःच्या घरी यायचं तरी व्हिसा, आणि सहा महिन्यांहून जास्त राहायचं तर पोलिसांकडे परकीय म्हणून नोंद. आईच्या आजारपणात त्याला ती करावी लागली. आईच्या मनाला ते फार लागलं.

१९९९मध्ये सरकारने भारतीय वंशाच्या लोकांसाठी पीआयओ कार्ड काढलं. फी १००० डॉलर, म्हणजे तेव्हाचे चाळीस हजारांवर रुपये. २००२मध्ये ती ३१० डॉलरवर आली, पण १८० दिवसांनंतरची पोलिसनोंद सुटली नाही. त्याच वर्षी लक्ष्मीमल्ल सिंघवी समितीचा अहवाल आला आणि त्यात दुहेरी नागरिकत्वाची शिफारस होती. ९ जानेवारी २००३ला, पहिल्या प्रवासी भारतीय दिवशी, वाजपेयींनी तशी घोषणा केली. कायदा आधी १६ देशांपुरता झाला. २००५मध्ये तो पाकिस्तान आणि बांगलादेश वगळून सर्वांना खुला झाला. जानेवारी २००६मध्ये हैदराबादला मनमोहन सिंग यांनी पहिली ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाची, कार्डं दिली.

भावाने कार्ड घेतलं. आजन्म व्हिसा मिळाला, पोलिसनोंद गेली, फ्लॅट घेण्याची मुभा मिळाली. मतदान, निवडणूक लढवणं आणि शेतजमिनीची खरेदी या गोष्टी मात्र बंदच राहिल्या.

वडील गेल्यावर कात्रज घाटाच्या पायथ्याच्या जमिनीला वारसनोंद केली. आई, बहीण आणि माझ्याबरोबर भावाचंही नाव फेरफाराने सातबाऱ्यावर चढलं, कारण परदेशी नागरिक झाला तरी वारसाहक्क जात नाही. पुढे चुलत्यांनी शेजारचा तुकडा विकायला काढला. तो दोघांनी मिळून घ्यायचं ठरवलं, पण खरेदीखतात भावाचं नाव घालता आलं नाही. पैसे त्याचेही होते. जमीन माझ्या एकट्याच्या नावावर झाली. भावाभावांत विश्वास आहे म्हणून निभावलं. असा विश्वास नसलेल्या घरात यातूनच दावे उभे राहतात.

भारतात दुहेरी नागरिकत्वाची घोषणा झाली त्याच २००३ साली फिलिपिन्सने ९२२५ क्रमांकाचा कायदा केला. परक्या देशाचं नागरिकत्व घेतलेला मूळचा फिलिपिनो आपल्या प्रजासत्ताकाशी निष्ठेची शपथ घेतो आणि पुन्हा पूर्ण नागरिक होतो. त्याला जमीन घेता येते, मतही देता येतं. सरकारी पदासाठी उभं राहायचं असेल, तर आधी परकं नागरिकत्व सोडावं लागतं.

परदेशाशी निष्ठेची शपथ घेतलेल्याला इथे मताचा हक्क कसा द्यायचा, ही शंका आमच्या गावातही लोक बोलून दाखवतात. ती रास्तच आहे. पण फिलिपिन्सने तिचं उत्तर शोधलं: शपथ घ्यायला लावली, आणि सत्तेच्या पदापाशी रेघ ओढली. आपल्याला त्यासाठी नागरिकत्व कायदा बदलावा लागेल. ते अवघड आहे, तरीही करावं, असं माझं ठाम मत आहे. आज आपण परदेशातल्या माणसाचा पैसा घेतो आणि त्याला वारसही मानतो. गावच्या निर्णयात त्याला आवाज मात्र देत नाही. जो शपथ घेऊन जबाबदारी पत्करायला तयार आहे, त्याला तो आवाज मिळायला हवा.