शॉर्ट सेलची कुळकथा

घर विकून येणारी रक्कम कर्जाच्या थकबाकीहून कमी असूनही बँक घरावरचा बोजा उतरवून द्यायला राजी होते, त्या विक्रीला अमेरिकेत शॉर्ट सेल म्हणतात. सही घरमालकाची, पण खरा होकार बँकेचा.

या व्यवहाराची मुळे महामंदीत सापडतात. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाने घरखरेदीच्या काही कर्जांपुरती, लिलावानंतर राहिलेली तूट कर्जदाराकडून वसूल करायला मनाई केली. तिथे तुटीचा भार बँकेवरच आला. जप्तीला महिनोन् महिने लागतात आणि तोवर रिकामे घर खराब होते, त्यापेक्षा तुटीत विकलेले बरे, हा हिशेब पुढे सरकारलाही पटला. सरकारी विमा असलेल्या गृहकर्जांसाठी जप्तीपूर्व विक्रीचा, म्हणजे शॉर्ट सेलचाच, प्रयोग १९९१ मध्ये सुरू झाला आणि १९९४ मध्ये देशभर लागू झाला.

अशी घरे स्वस्तात घेऊ पाहणाऱ्या गुंतवणूकदाराला ती सापडतात सरकारी दप्तरात. कर्ज थकल्याची नोटीस कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कार्यालयात नोंदली जाते आणि ती कोणालाही पाहता येते. ही यादी हाती घेऊन अडलेल्या मालकांची दारे ठोठावणारे इतके माजले, की कॅलिफोर्नियाने १९७९ मध्येच कायदा करून अशा मालकाला विक्रीचा करार ५ कामकाजी दिवसांत मोडण्याचा हक्क दिला.

नाव-पत्ता मिळाला म्हणजे सौदा झाला असे नाही. मालकाचे अडचणीचे पत्र, पगाराच्या पावत्या, बँकेची विवरणे, दलालाने काढलेली किंमत आणि सौद्याच्या हिशेबाचा मसुदा बँकेला द्यावा लागतो. या मसुद्यात विक्रेत्याच्या हाती येणारी रक्कम बहुधा शून्य असते. घरावर दुसरे कर्ज असेल तर त्या सावकाराचीही संमती लागते. वाट्याला चिल्लर येणार म्हणून तो अडून बसतो, आणि अनेक सौदे इथेच फसतात.

२००६ नंतर घरांच्या किमती कोसळल्या आणि आडवाटेचा हा व्यवहार हमरस्त्यावर आला. माफ झालेले कर्ज एरवी करपात्र उत्पन्न ठरे; डिसेंबर २००७ च्या कायद्याने राहत्या घरापुरती त्यातून सूट दिली. २०१० च्या सरकारी योजनेत घर सोडणाऱ्या कुटुंबाला ३,००० डॉलर मिळू लागले.

मात्र बोजा उतरवणे वेगळे आणि कर्ज माफ करणे वेगळे. काही बँका बोजा सोडत, पण उरलेल्या रकमेवरचा हक्क राखून ठेवत. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये संमती देणाऱ्या पहिल्या व दुसऱ्या दोन्ही सावकारांना त्या वसुलीस मनाई केली. असा कायदा नसलेल्या राज्यात बँकेच्या मंजुरीपत्रात माफीचे वाक्य स्पष्ट नसेल, तर विक्रेत्याने सही करू नये.