पाठीवरचा पुरावा

बेसबॉलचं जुनं कार्ड हातात आलं की मी आधी ते उलटं करतो. त्याची खरी कुळी पाठीवर लिहिलेली असते.

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात तंबाखूच्या पाकिटांतून खेळाडूंची छोटी रंगीत कार्डं वाटली. पाकीट चेपू नये म्हणून आत जाड कागद घालायची पद्धत त्याआधीचीच. पुढे जेफरसन बर्डिक या संग्राहकाने अमेरिकेतल्या छापील कार्डांची सूची केली आणि या संचाला टी-२०६ हा क्रमांक दिला. संचात ५२४ कार्डं आहेत.

समोर खेळाडू, मागे ब्रँडची जाहिरात: पीडमॉन्ट, स्वीट कॅपोरल, पोलर बेअर, एक तर चक्क 'हिंदू' नावाचा. 'हिंदू'ची पाठ तपकिरी शाईत असली तर मिळून जाते, लाल शाईतली सापडणं महाकठीण. चित्र तेच, पण पाठ बदलली की किंमत कुठल्या कुठे जाते. काही पाठींवर 'दीडशे चित्रं' किंवा 'साडेतीनशे चित्रं' असंही छापलेलं आहे. छपाई कोणत्या टप्प्यातली, हे त्यावरून कळतं.

रे डेमिटचं उदाहरण घ्या. तो न्यूयॉर्क सोडून सेंट लुईसला गेला. संघाचं नाव बदललेलं त्याचं कार्ड फक्त पोलर बेअरच्याच पाठीवर सापडतं. पोलर बेअर ही सुटी, चुऱ्याची तंबाखू. कार्ड त्या चुऱ्यातच पडलेलं असे, म्हणून त्यावर बरेचदा तपकिरी डाग दिसतात. इतर कार्डांना डाग म्हणजे खोट. इथे तो घराण्याची खूण वाटतो.

पाठ पाहून पारखायचा हाच न्याय मी होनस वॅग्नर या खेळाडूला लावतो. त्याचं कार्ड सगळ्यांत प्रसिद्ध; २०२२ मध्ये एक ७२.५ लाख डॉलरना विकलं गेलं. मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून त्याने कार्ड थांबवलं, अशी लाडकी कथा आहे. पण तो स्वतः तंबाखू चघळायचा, आणि त्याच्या नावाचा सिगारही पूर्वी निघाला होता. दुसरा पक्ष म्हणतो, त्याला मोबदला हवा होता. पाठी काय सांगतात? वॅग्नर मिळतो तो दीडशेच्या टप्प्यातल्या पीडमॉन्ट आणि स्वीट कॅपोरलवरच. म्हणजे कारण काहीही असो, नकार आला तो अगदी सुरुवातीला, आणि छापखान्याने तो पाळला. मला मोबदल्याचा पक्ष जास्त पटतो. तंबाखूचा तिटकारा असलेल्या माणसाने आपलं नाव सिगारला लावू दिलं नसतं.

एडी प्लँकचं कार्डही असंच दुर्मीळ. त्याच्या छपाईचा दगड फुटला, असं सर्रास सांगितलं जातं. पण त्याची काही कार्डं साडेतीनशेच्या स्वीट कॅपोरलवर आढळतात. दीडशेच्या टप्प्यातच दगड फुटला असता, तर हा माणूस पुढच्या टप्प्यात आला कसा? दगडाची गोष्ट मी तरी बाद धरतो. प्लँकशीही परवानगीवरून बोलणं फिसकटलं असावं, आणि मधल्या काळात कुणीतरी ती मिळेल या आशेवर त्याचं चित्र पुन्हा छापायला घेतलं असावं, असा माझा कयास आहे.