नवागत मत्स्य आणि आक्रमण : खाऱ्या पाण्याच्या काचपेटीविषयी एक विवेचन

प्रथम संज्ञा निश्चित करू. 'काचपेटी' म्हणजे खाऱ्या पाण्याची, प्रवाळक्षेत्रातील मासे ठेवण्याची पेटी. 'निवासी' म्हणजे तीत पूर्वीपासून स्थिरावलेला मासा, 'नवागत' म्हणजे तीत नव्याने सोडला जाणारा. 'आक्रमण' म्हणजे एका माशाने दुसऱ्यास जागा, अन्न किंवा जोडीदार यांपासून दूर सारण्यासाठी केलेली कृती. भक्षण या व्याख्येत येत नाही. लायनफिश लहान डॅमसेल माशाला गिळतो तेव्हा तो भांडत नसतो, जेवत असतो. तेथे नियमनाचा प्रश्नच नाही, कारण ते दोघे एका पेटीत ठेवणे हीच मूळ चूक होय. पुढील विवेचन केवळ आक्रमणापुरते आहे.

समुद्रात आक्रमणाचा शेवट पलायनाने होतो. निवासी जेवढी जागा राखतो तिला 'रक्षित क्षेत्र' म्हणू. पळणारा मासा त्या क्षेत्राची सीमा ओलांडतो आणि पाठलाग थांबतो. प्रवाळखडकावर क्षेत्र राखणाऱ्या एका डॅमसेलचे रक्षित क्षेत्र चौरस मीटरच्या आसपास असू शकते. आता घरगुती पेटीचे नेहमीचे माप घ्यावे : लांबी ४ फूट, रुंदी दीड फूट, उंची दीड फूट. तिचा तळ ६ चौरस फूट, म्हणजे अर्ध्या चौरस मीटरहून किंचित अधिक. अर्थात तशा एका डॅमसेलचे क्षेत्र संपण्यापूर्वीच पेटी संपते. पळणाऱ्याने कोणतीही दिशा धरली तरी तो मालकाच्या हद्दीतच राहतो, आणि समुद्रात काही क्षणांत मिटणारा प्रसंग येथे दिवसेंदिवस चालतो. यावरून निष्पन्न होते ते असे : पेटीतील आक्रमण हा माशाचा स्वभावदोष नसून पलायनास जागा नसल्याचा परिणाम आहे. नियमन म्हणजे ही उणीव अन्य साधनांनी भरून काढणे.

साधने ठरवण्यापूर्वी कारणभेद पाहणे आवश्यक आहे. आक्रमणाचे तीन प्रकार होतात.

पहिला प्रकार स्वजातीय. प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कॉनराड लॉरेन्झ यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आक्रमणविषयक ग्रंथात प्रवाळमत्स्यांची निरीक्षणे मांडली. हे मासे परजातीयांकडे बहुधा दुर्लक्ष करतात आणि स्वजातीयावर तुटून पडतात. भडक रंग ही मालकीची पाटी होय, हा त्यांचा पुढचा तर्क नंतरच्या अभ्यासकांनी जसाच्या तसा मान्य केला नाही. मूळ निरीक्षण मात्र कोणत्याही पेटीत पडताळता येते. दुसरा प्रकार अन्नस्पर्धामूलक. काही डॅमसेल जाती खडकावर शेवाळाचे वाफे राखतात, नको असलेले शेवाळ उपटून टाकतात आणि शेवाळ खाणाऱ्या कोणत्याही माशास, तो कोणत्याही जातीचा असो, हुसकावतात. येथे जात गौण ठरते व तोंड प्रधान ठरते. एकाच खाद्यावर जगणारे व एकाच घडणीचे दोन टँग मासे भिन्न जातींचे असूनही एकमेकांस सहन करत नाहीत, त्याचे कारण हेच. टँगच्या शेपटीच्या मुळाशी धारदार काटा असतो, म्हणून त्यांचा कलह विशेष घातक होतो.

तिसरा प्रकार प्रजननमूलक, आणि याचे उत्तम उदाहरण म्हणजे मोठ्या प्रमाणात विकला जाणारा क्लाउनमासा. क्लाउनमाशाच्या समूहात सर्वांत मोठी ती मादी, त्याखालचा तो प्रजननक्षम नर, उरलेले अप्रौढ. मादी नाहीशी झाली की नराचे मादीत रूपांतर होते. हा क्रम आक्रमक वर्चस्वाने टिकतो, हे संशोधक फ्रिके दांपत्याने १९७७ साली दाखवून दिले. म्हणून जुळलेल्या जोडीत तिसरा प्रौढ मासा सोडणे व्यर्थ आहे, तर आकाराने असमान अशी दोन लहान पिले एकाच वेळी सोडल्यास ती आपापसांत क्रम लावून घेतात. अंडी राखणाऱ्या जोडीपुढे कोणताही उपाय चालत नाही. पिले बाहेर पडेपर्यंत थांबणे एवढेच हाती असते.

आता स्थलविचार. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर, समुद्रासमोर सुरू झाले. ज्या पेटीचा येथे विचार आहे तिचे ठिकाण, धुळ्यातील देवपूर, मात्र समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पांझरा नदीच्या काठी आहे. येथे समुद्र मीठ मोजून तयार करावा लागतो. वरील मापाच्या पेटीत सुमारे २०० लिटर पाणी धरल्यास, लिटरला ३५ ग्रॅम या हिशेबाने ७ किलो मीठ आणि २०० लिटर आर.ओ.चे पाणी लागते. या स्थितीतून तीन गोष्टी उद्भवतात. मासा क्रॉफर्ड मार्केट किंवा कुर्ल्याहून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर पिशवीत येतो, म्हणून तो पेटीत उतरतो तेव्हाच थकलेला असतो. तो परत करण्याची सोय व्यवहारात नसते. आणि ऋतू आड येतो. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान ४० अंशांपुढे जाते, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पिशवीतील पाणी गारठते. त्यामुळे मासा आणण्यास ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हे महिने योग्य होत. मुंबईच्या पेटीधारकास जे मासा सोडल्यानंतर सुधारता येते, ते देवपूरच्या पेटीधारकास मासा घेण्यापूर्वीच ठरवावे लागते.

नियमनाची पहिली अवस्था म्हणूनच क्रमनिश्चितीची आहे. निवासित्व हेच बळ होय. आधी आलेला मासा किंचित मोठ्या नवागतासही बहुधा हरवतो. म्हणून भित्र्या जाती प्रथम, आक्रमक जाती शेवटी. फायरफिश व गोबी आधी, क्लाउनमाशांची जोडी मागून, डॉटीबॅक किंवा डॅमसेल सर्वांत शेवटी. व्यवहारात याच्या नेमके उलट घडते, कारण डॅमसेल स्वस्त व चिवट म्हणून नव्या पेटीचे पाणी जोखण्यासाठी तोच पहिला सोडण्याचा प्रघात आहे. या प्रघाताचे कोणतेही समर्थन करता येत नाही. पेटी आयुष्यभर त्या पाच-सहा सेंटिमीटरच्या माशाची होऊन बसते.

दुसरी अवस्था विलगीकरणाची. स्वतंत्र लहान पेटीत किमान चार आठवडे नवागत ठेवावा, लपण्यास पीव्हीसीचे एल्बो पुरेसे होतात. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग रोखणे हा याचा सर्वज्ञात हेतू आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दुसरा हेतू अधिक महत्त्वाचा : पोट भरलेला, दिलेले खाद्य ओळखणारा मासा संघर्षात टिकतो, उपाशी टिकत नाही. लांबच्या प्रवासात पिशवीत अमोनिया साठतो. पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असल्याने तेथील सामू उतरलेला असतो आणि अमोनियाचे विष सौम्य राहते. पिशवी उघडताच वायू निघून जातो, सामू चढतो व तेच विष तीव्र होते. म्हणून थेंबथेंब पाणी मिसळण्याची तासभराची पद्धत दूरच्या माशास हितावह नाही. विलगीकरण पेटीची क्षारता पिशवीतील पाण्याएवढी आधीच करून घ्यावी, तापमान जुळताच मासा उचलून तीत सोडावा आणि पिशवीतील पाणी टाकून द्यावे.

तिसरी अवस्था प्रवेशाची. छिद्रे पाडलेल्या पारदर्शक ॲक्रिलिकच्या डब्यात नवागत ठेवून तो डबा पेटीत टांगावा. निवासी त्यास पाहतो, डब्यावर धडका देतो, पण इजा करू शकत नाही. कित्येकदा काही दिवसांत त्याचा आवेश ओसरतो. तो न ओसरला तर डबा उघडू नये. उघडण्यापूर्वी खडकांची रचना मोडून नव्याने लावावी, म्हणजे निवासीच्या सीमाखुणा पुसल्या जातात आणि क्षणभर सगळेच नवागत ठरतात. (प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तेव्हा खडक कृत्रिमच वापरावे, त्यांत भोके अधिक करता येतात हा आणखी एक लाभ.) नंतर निवासींस खाद्य द्यावे, दिवे बंद करावे, मग नवागत सोडावा. हा अंधार आणि लाईट गेल्याने झालेला अंधार यांत मात्र फरक आहे. दुसऱ्यात पंपही थांबतात, प्राणवायू घटतो, सर्व मासे पृष्ठभागाशी गोळा होतात आणि जे अंतर निर्माण करायचे तेच नष्ट होते. बॅटरीवर चालणारा हवापंप नसेल तर प्रवेश लांबणीवर टाकावा.

अन्नस्पर्धेसाठी वेगळा उपाय लागतो. पांझरेकाठच्या फड सिंचनपद्धतीत पिके व पाण्याच्या पाळ्या बांधलेल्या असल्याने तंट्यास वाव कमी राहतो, त्याच न्यायाने खाद्याच्या वेळा ठराव्यात व ठिकाणे दोन असावीत. टँग असल्यास वाळवलेल्या समुद्रशेवाळाचे पान पेटीच्या दोन्ही टोकांना लावावे.

चौथी अवस्था निरीक्षणाची, आणि बहुतेक अपयश येथे येते. आक्रमणाच्या चार पायऱ्या आहेत : पर ताठ करून अंग आडवे धरणे, ठरावीक बिंदूपर्यंत पाठलाग, न थांबणारा पाठलाग व चावा, आणि कोंडी. पहिल्या दोन पायऱ्यांत हस्तक्षेप करू नये, त्यांतूनच सीमा ठरतात. तिसरीत फाटलेले पर दिसतात, त्यामुळे ती कोणाच्याही लक्षात येते. चौथी फसवी आहे. कोंडीत पाठलाग दिसत नाही, पेटी शांत भासते. नवागत वरच्या कोपऱ्यात, पाणी परतणाऱ्या नळीजवळ स्तब्ध असतो, कल्ले जलद हलतात, खाद्य समोरून वाहत गेले तरी तो पुढे येत नाही. निवासीने नुसते तोंड वळवले तरी तो मागे सरतो. पेटीधारक यास समझोता समजतो. वस्तुतः ही उपासमार आहे. दोन दिवस खाद्य न घेणे ही हस्तक्षेपाची कसोटी मानावी, मग अंगावर एकही जखम नसली तरी चालेल.

हस्तक्षेप कोणावर करावा? सहजप्रवृत्ती पीडितास काढण्याची असते. तीत दोष असा की निवासीचे निवासित्व अबाधित राहते आणि तोच प्रसंग पुन्हा घडतो. काढावा तो आक्रमक. टँग असल्यास जाळी न वापरता डब्याने धरावा, काटा जाळीत अडकतो. त्यास विलगीकरण पेटीत एक-दोन आठवडे ठेवावे. तेवढ्यात नवागत भोके ओळखतो, खाऊ लागतो आणि स्वतः निवासी होतो. परतणारा मासा आता नवागत असतो आणि त्यालाही वरील तिसरी अवस्था जशीच्या तशी लावावी. दोनदा असे करूनही कोंडी होत असेल तर ते दोन मासे त्या घनफळात एकत्र राहू शकत नाहीत, असे मानावे. अशा वेळी एकासाठी कायमची दुसरी पेटी लागते. ती मुंबईहून येईपर्यंत मासा थांबत नाही, म्हणून विलगीकरण पेटी मोडून माळ्यावर ठेवू नये. तिची गाळणी नवागत स्थिरावल्यानंतरही चालू राहिली पाहिजे.